आई गृहिणी आहे

१८ जून १९८९

टिपणीस सर म्हणाले, रोज एक पान लिहीत जा, विचारांना शिस्त लागते. इंग्रजीत लिहा असंही म्हणाले. पण इंग्रजीत मला भांडता येत नाही, आणि भांडण वगळलं तर माझ्याकडे लिहिण्यासारखं फारसं उरत नाही. म्हणून मराठीत.

तर मी हेमलता दामाजी वैती, राहणार कोपरी, ठाणे पूर्व. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष. सकाळी कॉलेज आणि दुपारी नौपाड्यात सरांचा बँक परीक्षेचा क्लास. आज पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, "पुढच्या वर्षी या वेळेला बँकेत कोण कोण असणार?" खोलीतले झाडून सगळे हात वर गेले. माझा सगळ्यांत आधी गेला. शेजारी बसलेल्या बर्नाडेटने मात्र जेमतेम कानापर्यंत नेला. मी कोपराने ढोसलं तर म्हणाली, "अगं, एवढ्या जणांना बसायला बँकेत खुर्च्या तरी आहेत का?"

तिचं हे असंच. घोडबंदर रोडच्या बाजूला त्यांची भातशेती आहे. पीक हातात येईपर्यंत ते लोक कशाला हो म्हणत नाहीत.

सरांच्या क्लासमधून गेल्या वर्षी दोघं बँकेत लागले. त्यांचे फोटो भिंतीवर लावले आहेत. बाकीची भिंत सरांनी आमच्यासाठी मोकळी ठेवली आहे.

२ जुलै

आई मासळी विकते. हे लिहायला मला दोन आठवडे लागले, यावरून काय ते समजावं.

स्टेशनजवळच्या बाजारात तिचा ओटा आहे. सिमेंटचा, आत शिरताच उजव्या हाताला. आधी माझी आजी मनुबाई तिथे बसायची. तिने आईला सून म्हणून घरात घेतलं आणि वर्षभरात ओट्यावर बसवलं. त्या ओट्यावरच माझ्या फिया भरल्या गेल्या, हे मला कोणी सांगायला नको. मी कृतघ्न नाही. पण कॉलेजला जाताना मी बाजाराच्या बाजूने जात नाही, पलीकडच्या पुलावरून जाते. आईला ते ठाऊक आहे. ती कधी काही म्हणत नाही, उलट येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, "माझी हेमा बँकेत लागनार हाय." परवा म्हणे एका बाईंनी तेवढ्यावर पापलेटचा भाव पाडून घेतला.

घरात मी "मला" म्हणते, "मना" म्हणत नाही. बाबा हसतात. म्हणतात, "साहेब आयल्या, पंखा लावा."

९ सप्टेंबर

आईचा खांदा धरला. नारळी पौर्णिमेनंतर माल सुरू झाला, पहाटेच्या पाट्या उचलल्या आणि उजवा हात वर जाईना. नौपाड्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, सांधा आखडलाय, काही महिने वजन उचलायचं नाही, कोयता चालवायचा नाही. आई त्यांना म्हणाली, "मग देवानं हात कशाला दिलाय?" डॉक्टर हसले. मला तिथेच जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं.

संध्याकाळी तिने हळूच विषय काढला. "हेमे, सकाळची नुसती बस गो. कापायला दुसरी कोन तरी येल. ओटा रिकामा दिसला तर म्युन्शिपाल्टीवाले नाव कापतील."

मी म्हटलं, मी ओट्यावर एक दिवससुद्धा बसणार नाही. एकदा बसलेली बाई उठत नाही, मला ठाऊक आहे. आजी बसली, तू बसलीस. मला भाऊ नाही, घरात सून येणार नाही, म्हणजे यापुढे मीच बसणार म्हणून बाजारातल्या सगळ्या माझ्याकडे बघतायत.

आई म्हणाली, "कोन बघत नाय गो, बाय. मीच बघते."

२४ सप्टेंबर

चंद्रभागा वहिनी घरी आली होती. माझ्या चुलतभावाची, जगनदादाची बायको. तिला स्वतःचा ओटा नाही, बाजाराच्या दारात फळकुट टाकून गटाराशेजारी बसते. पाऊस आला की डोक्यावर प्लास्टिक धरते आणि पोलीस आला की टोपली उचलून पळते. आईला म्हणाली, "काकी, तुझा हात बरा व्हईस्तवर मी बसते बदली. तू आयलीस का मी उठते."

आईचा जीव भांड्यात पडला. वहिनीला चहा दिला, वर तिच्या लेकीसाठी, सुमतीसाठी, माझी अकरावीची पुस्तकं. मला न विचारता. द्या म्हणावं, मला आता काय करायची आहेत?

१५ ऑक्टोबर

आज क्लासमध्ये मुलाखतीचा सराव होता. सरांनी मला समोर बसवून विचारलं, "वडील काय करतात?"

"वागळे इस्टेटमध्ये कंपनीत आहेत."

"आणि आई?"

मी अडखळले. मग म्हटलं, "मासळी विकते." मागच्या बाकावर कोणीतरी नाकाला रुमाल लावला. मुद्दाम लावला, मी पाहिलं.

सर चांगले आहेत, ते हसले नाहीत. म्हणाले, "यात लाज काही नाही. पण समोरच्याच्या मनात एक चित्र उभं राहतं, आणि मग तुमच्या मार्कांकडे लक्ष जात नाही. आई गृहिणी आहे म्हणा."

मी तसं म्हणून पाहिलं. सर लगेच म्हणाले, "नजर खाली गेली. समोर बसलेले लोक मुरलेले असतात, खोटं त्यांना ताबडतोब कळतं." मी विचारलं, मग काय करू? सर म्हणाले, "मग खरं करा!" आणि सगळा वर्ग हसला. मी हसले नाही.

परतताना बर्नाडेट म्हणाली, "आमच्या घरी सगळे चिखलात असतात, मी तर सांगणार, सिस्टर्सनी सांगितलंय खोटं बोलायचं नाही." तिला काय जातंय बोलायला? ती इंग्रजीत चिखल म्हणते, तो ऐकायला बरा वाटतो.

२२ ऑक्टोबर

घरात भांडण झालं. मीच केलं.

मी म्हटलं, चंद्रभागा वहिनीला बदली नको, ओटा कायमचा देऊन टाक. आईला आधी कळलंच नाही. मग म्हणाली, "आनि हात बरा झाल्यावर मी कुटं बसू?" मी म्हटलं, घरी. आयुष्यभर बर्फात हात घालून झालं, आता आराम कर. वर्षभरात मला नोकरी लागते आहे. बँकेत लागलेल्या मुलीची आई बाजारात बसली तर लोक मलाच नावं ठेवतील.

हे सगळं मी तिच्या भल्यासाठी बोलले, आणि ते खोटं नव्हतं. तिचा खांदा खरंच वाईट आहे. रात्री तिला कूस बदलता येत नाही.

"नक्की लागंल?" तिने विचारलं.

"नक्की."

"आई एकविरेच्यान सांग."

मी शपथ घेतली. घेताना मला जराही भीती वाटली नाही, कारण मला खात्रीच होती. मला अकाउंट्समध्ये क्लासमधल्या कोणाहीपेक्षा जास्त मार्क आहेत. मग भ्यायचं कशाला?

बाबांना विचारलं तर ते रेडिओ कानाला लावून म्हणाले, "ओटा तिचा नि तिच्या सासूचा. मी त्यात कवा बोललोय? मना फक्त खायला ठावं." नंतर उठून बाहेर गेले आणि पुष्कळ वेळ आले नाहीत.

५ नोव्हेंबर

झालं. आईने ओटा चंद्रभागा वहिनीच्या हाती दिला.

नावाचं कागदावर जे व्हायचं ते म्युनिसिपालिटीत होईल. पण बाजारातल्या बायकांचा कायदा वेगळा आहे आणि त्या तोच मानतात. ओटा सोडणारीने नवीला स्वतःच्या हाताने धरून बसवायचं. बसवलेलीला पुन्हा उठवायचं नाही. मात्र ती आपणहून उठली तर ओटा आधी ज्या घरातून आला त्या घराला विचारायचा, त्यांनी नाही म्हटलं तरच बाहेर द्यायचा. सगळ्यांत म्हाताऱ्या भीमाबाईने हे मोठ्याने म्हणून दाखवलं. तिच्या तोंडात एकही दात नाही, पण आवाज पार स्टेशनापर्यंत जातो.

मला जावं लागलं, कारण भीमाबाई म्हणाली, घरात लेक हाय, ती नाय म्हनते हे तिच्या तोंडून ऐकू दे. मी कॉलेजची साडी नेसून गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "मला ओटा नको. मी बसणार नाही." शुद्ध मराठीत सांगितलं. दोघीतिघींनी तोंडाला पदर लावला.

आईने ओटा धुतला, हळदकुंकू वाहिलं. नारळ तिला फोडवेना, हात वर जात नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात वहिनीनेच तो घेऊन फोडला. मग आईने डाव्या हाताने तिचं मनगट धरून तिला बसवलं. वहिनी ढसाढसा रडली. गटाराशेजारून उठून सिमेंटवर बसायला मिळालं तर रडायचं काय त्यात? आई रडली नाही. घरी येऊन तिने भात टाकला आणि मग उगाचच डबे उतरवून पुसत बसली.

आता मला कोणी विचारलं तर मी नजर वर ठेवून सांगू शकते.

२१ जानेवारी १९९०

लेखी परीक्षा उत्तम गेली. इतकी सोपी की मला बाकीच्यांची काळजी वाटली.

बर्नाडेट परीक्षेला आलीच नाही. वागळे इस्टेटमध्ये एका छोट्या कंपनीत टायपिस्ट म्हणून चिकटली, पदवीसुद्धा हातात पडायची आहे. मी तिला म्हटलं, एवढी घाई काय होती? म्हणाली, "जागा होती, मी गेले." आयुष्यभर टायपिस्ट राहील बिचारी. मी तिच्यासाठी मेणबत्ती लावावी म्हणते.

आईला दिवसभर काय करावं कळत नाही. पहाटे उठते, सवयीने. मग अंधारात बसून राहते. मी तिला म्हटलं, झोप की. म्हणाली, "झोपच येत नाय, तर काय करू? तुझं पुस्तक वाचू?"

२९ जून

पास! बी.कॉम. सेकंड क्लास, आणि बँकेच्या लेखी परीक्षेतही नाव आलं. मुलाखतीचं बोलावणं आहे. आईने अख्ख्या आळीत साखर वाटली. चंद्रभागा वहिनी एवढा मोठा हलवा घेऊन आली, ओट्यावरचा सगळ्यात चांगला. आईने तो उलटा-पालटा करून पाहिला, कल्ले उघडून बघितले आणि म्हणाली, "चांगला घेतलास गो." आवाज जरा बसला होता तिचा. सर्दी असेल.

१७ जुलै

मुलाखत झाली. जसं घडलं तसं लिहून ठेवते, म्हणजे उद्या कोणी माझ्यावर ठपका ठेवायला नको.

समोर तिघं होते, दोन साहेब आणि एक बाई. माझ्या आधीच्या मुलाला अर्थसंकल्पावर विचारलं, हे त्याने बाहेर येऊन सांगितलं. मी ते सगळं पाठ केलं होतं. आत गेले, बसले. मधल्या साहेबांनी अर्ज पाहिला आणि विचारलं, "वैती, कोपरी. म्हणजे कोळी का तुम्ही?"

"हो सर."

"छान. हे बघा, खाडीकाठच्या शाखांमधून मासळी विकणाऱ्या बायकांना छोटी कर्जं द्यायचा आमचा विचार आहे. पण त्या बँकेत येतच नाहीत. का येत नसतील? पहाटे माल उचलायला पैसे कुठून आणतात त्या?"

माझ्या कानशिलांची आग झाली. इतरांना अर्थसंकल्प आणि मला मासळी! माझी पदवी, माझे मार्क, सगळं बाजूला ठेवून फक्त आडनाव वाचलं त्यांनी. टिपणीस सर म्हणाले होते तेच ते चित्र. मी शांतपणे म्हटलं, "सर, मला त्यातली काही माहिती नाही."

बाई म्हणाल्या, "घरात कोणी त्या व्यवसायात असेल ना? पावसाळ्यात बाजार थंड असतो तेव्हा कसं भागवतात, एवढं सांगितलंत तरी चालेल. घाबरू नका."

"नाही मॅडम. वडील कंपनीत आहेत. आई गृहिणी आहे."

नजर अजिबात ढळू दिली नाही. बाईंनी उघडलेलं पेन बंद करून ठेवलं. साहेब म्हणाले, "ठीक आहे," आणि पुढे दोन इकडचे तिकडचे प्रश्न विचारले. दहावीत कुठे होता, ठाण्यात काय काय पाहण्यासारखं आहे. त्याची मी भरभरून उत्तरं दिली.

एकंदरीत चांगली झाली. अवघड प्रश्न ठामपणे परतवला याचं मला समाधान आहे. आईने विचारलं, काय इचारलं गो? मी म्हटलं, अर्थसंकल्प.

३ ऑक्टोबर

माझं नाव यादीत नाही.

अर्थसंकल्पवाल्याचंही नाही. नाव आलंय ते मुरबाडकडच्या कुणा मुलीचं, तिचे वडील म्हणे दूध घालतात आणि तिने मुलाखतीत म्हशींबद्दलच सांगितलं. अशा मुलीला घेतात, यावरूनच कळतं की आत वशिला असणार. टिपणीस सरही म्हणाले, "वशिल्याच्या तट्टापुढे काय करणार?" त्यांनी लगेच पुढच्या वर्षीच्या बॅचला नाव घालायला सांगितलं.

आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती, डाव्या हाताने. म्हणाली, "पुन्यांदा येल ना परीक्षा?" मी हो म्हटलं. तिने भाकरी उलटली. मला तिने बोलायला हवं होतं. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१२ ऑगस्ट १९९१

पुष्कळ दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं, होतं ते वर्तमानपत्रात रोज येतच होतं.

बँकेची जाहिरात यंदा आलीच नाही. कोणी म्हणतं संगणक येणार, माणसं कशाला लागतील. कोणी म्हणतं पुढच्या वर्षी दुप्पट जागा निघतील. बाबांच्या कंपनीला टाळं लागलं. ते आता ओहोटीला खाडीत उतरून चिंबोऱ्या पकडतात. पूर्वी पोतं भरायचं, आता पाण्याला रॉकेलसारखा वास येतो आणि चिंबोऱ्या नखाएवढ्या मिळतात. त्या विकायला आई दारोदार जाते. खांदा बराचसा सुटला आहे तिचा. डोक्यावर टोपली घेऊन कोपरीच्या सोसायट्यांतून हाका मारत फिरते, जिने चढते. ओटा होता तेव्हा गिऱ्हाईक तिच्याकडे यायचं.

मी तिला म्हटलं, वहिनीला सांग ना, तुझ्यासाठी थोडी सरकून बस म्हणावं. आई माझ्याकडे बघतच राहिली. "बसवलेलीला सरक सांगू? माझी सासू वरून थुंकंल."

बर्नाडेट रस्त्यात भेटली. साहेबाची सेक्रेटरी झाली आहे. त्यांनी अर्धं शेत बिल्डरला दिलं, तिथे बारा मजले उठणार आहेत. मला तिने सँडविच खाऊ घातलं आणि विचारलं, "आमच्याकडे डिस्पॅचला जागा आहे, येतेस?" मी म्हटलं, बँकेचं बघते आहे. ती नुसती हं म्हणाली. त्या हंने माझा दिवस नासला.

८ डिसेंबर

टिपणीस सरांनी मला क्लासमध्ये शिकवायला घेतलं. नव्या बॅचला गणित आणि मुलाखतीची तयारी. सर म्हणाले, "तुम्ही मुलाखतीपर्यंत पोचलेल्या आहात, तो अनुभव सोन्यासारखा आहे." मुलं मॅडम म्हणतात. वर्ग भरलेला असतो. जाहिरात नाही तरी वर्ग भरतो, उलट जास्तच भरतो. पहिल्या दिवशी एकाने विचारलं, "मॅडम, तुम्ही बँकेत का नाही?" सर मागे उभे होते. मी म्हटलं, मला शिकवण्याची आवड आहे.

आईला पहिला पगार दिला तेव्हा तिने तो देवापुढे ठेवला. मग विचारलं, "हा बँकेचाच ना?" मी म्हटलं, बँकेच्या क्लासचा. "तेच ते," ती म्हणाली.

१० मे १९९२

सुमती माझ्या वर्गात येते, चंद्रभागा वहिनीची मोठी. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला गेली. घरी आत्या म्हणते, वर्गात मॅडम. हुशार आहे, पाठांतर चांगलं आहे आणि प्रत्येक प्रश्नाला हात तिचाच पहिला वर असतो. मला तिच्याकडे बघवत नाही.

आज मुलाखतीचा सराव घेतला. सरांच्या पद्धतीनेच घेतला, दुसरी कुठली मला येत नाही. सुमतीला आईबद्दल विचारलं तेव्हा ती अडखळली. मी तिला काय सांगायचं ते सांगितलं. तिने ते जसंच्या तसं उतरवून घेतलं, खाली रेघ मारून.

१४ जून

आज दुपारी चंद्रभागा वहिनी बाजारातून तशीच आमच्याकडे आली, पाय न धुता दारातच बसली. बाबा खाडीवर गेले होते. आई खांद्याला तेल चोळत होती.

"हेमा, तू शिकलेली, म्हनून तुला इचारते," वहिनी म्हणाली. "सुमती कालपासून जेवत नाय. ओटा सोड सांगते. मना बँकेत इचारतील, मी काय सांगू, सांगते. तुझा जगनदादा तर खाडीवरून रिकामाच येतो. ओट्यावरच घर चाललंय. पन पोरीचं चांगलं व्हत असंल तर आड कशाला येऊ? ती लागंल का गो बँकेत? तू सांगशील तसं."

वहिनी कधी रडत बोलत नाही, आजही नाही. नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्या हातावर खवले चिकटले होते.

मी सांगू शकले असते की गेल्या वर्षी जाहिरात आली नाही आणि यंदाही अजून नाही. वर्गात साठ मुलं आहेत आणि भिंतीवर अजून तेच दोन फोटो आहेत, हेही सांगता आलं असतं. सुमतीला आणखी एकच गोष्ट सांगायची होती, की तुझी आई जे करते ते मान वर करून सांग. पण ते सांगायला तोंड उघडलं असतं तर मला ते सगळं सांगावं लागलं असतं, आईच्या देखत, पहिल्यापासून.

मी म्हटलं, "मार्क चांगले आहेत तिचे. लागेल ती. सोडलास ओटा तरी चालेल."

"नक्की?"

"नक्की."

तिने हातावरचा एक खवला नखाने काढला. मग म्हणाली, "घाबरायला व्हतं गो. उद्या भीमाबाईशी बोलते. नायतर… बघते." आणि गेली.

ती उठली तर ओटा आधी आमच्या दारात विचारायला येणार. हे मला बोलण्याआधी सुचलं की नंतर, ते मी इथे लिहिणार नाही.

आईने तेलाची वाटी बाजूला सारली आणि विचारलं, "हेमे, तुला खरंच वाटतं? सुमती लागंल?"

मी तिच्याकडे न बघता हो म्हटलं. मग वाटलं तिला कळेल, म्हणून बघून म्हटलं, "हो आई. खरंच वाटतं."

आणि आई हसली. कित्येक दिवसांत तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. म्हणाली, "म्हनजे तवा तू मना फसवली नव्हतीस."

"कधी?"

"ओट्याच्या टायमाला. मना आजपातूर वाटत व्हतं, तुला माझी लाज वाटते म्हनून तू मना उठवलीस, नि बँकेचं नुसतं नाव पुढं केलंस. एवढी आई एकविरेची शपथ घेतलीस, तरी मना तसंच वाटत व्हतं बघ. कोनाला बोलले नाय. पन आता तू दुसऱ्याच्या पोरीला पन तेच सांगितलंस. म्हनजे तुला खरंच वाटत व्हतं. नशीब फिरलं त्याला तू काय करनार?" तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, उजवा हात, तो आता तेवढा वर जातो. तेलाचा वास आला.

तेव्हा मला खात्री होती हे खरं, आणि तिला जे वाटत होतं तेही खरं. आज मात्र खात्री नावाची गोष्टच नाही, आणि नेमकं आजच तिला माझं पटलं.

"चंद्री उगाच भ्याली," आई उठत म्हणाली. "रातभर जीव खात बसंल नि उद्या मागं फिरंल. मी आत्ताच जाते. सांगते तिला, माझ्या हेमाचा शब्द हाय, पोरीवर इश्वास ठेव नि उठ बिनघोर."

तिने पदर खोचला, चपला घातल्या आणि ती निघाली. मी दारात आले. नळावर भीमाबाईची सून भेटली म्हणून ती थांबली, दोन शब्द बोलली, हसली. हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती. मग ती वहिनीच्या गल्लीत वळली आणि मी दार लोटून घेतलं.